जोत्यावरची घरभरणी

पंजाबराव डोणगावहून परत आले, टिनाच्या छपराखाली बाजेवर टेकले, तांब्याभर पाणी प्याले आणि एवढंच म्हणाले, "सांगितलं."

कलाबाई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. हात थांबले नाहीत, पण कान टवकारले. आता पुढचं बोलतील, मग बोलतील, म्हणून तिनं वाट पाहिली. पंजाबरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि समोरच्या उघड्या जोत्याकडे पाहत राहिले. सांगण्यासारखं काही नसलं की हा माणूस असा लांब पाहतो, हे तिला इतक्या वर्षांच्या संसारात पाठ झालं होतं.

"काय म्हनल्या बाई?"

"काई नाई. चहा देल्ला."

"दुधाचा का काळा?"

पंजाबरावांनी जरा आठवून पाहिलं. "दुधाचा."

कलाबाईनं शेंगा बाजूला सारल्या. दुधाचा चहा म्हणजे दार अगदीच बंद नव्हतं. पण बसायला सतरंजी दिली की खुर्ची, निघताना दारापर्यंत आल्या की आतूनच बरं म्हणाल्या, हे सगळं खोदून खोदून विचारून झालं, तरी नणंद येणार की नाही ते काही हाती लागेना. खरं सांगायचं तर कलाबाईचा स्वभावच तसा. गल्लीत कोणाच्या चुलीवर काय शिजलं हे कळल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे. आणि इथं तर सवाल तिच्या स्वतःच्या घराचा होता.

धम्मशीलाबाई ही पंजाबरावांची थोरली बहीण. घराण्यानं दीक्षा घेतल्यावर जन्मलेलं पहिलं लेकरू, म्हणून हे नाव. पाठच्या भावाच्या वेळी आजोबा हटून बसले आणि त्याचं नाव जुन्याच वळणाचं ठेवलं गेलं. त्यामुळे बाईंचा मान घरात पहिल्यापासून निराळा, आणि तो त्या स्वतः डोळ्यांत तेल घालून सांभाळत. त्या मानालाच कलाबाईच्या थोरल्या लेकाच्या, धम्मरत्नाच्या लग्नात ठेच लागली, त्याला आता नऊ वर्षं झाली.

आता आपल्याकडे साड्या दोन प्रकारच्या. एक नेसायची आणि एक देण्याघेण्याची. देण्याघेण्याची साडी कोणी नेसत नाही. ती या घरच्या लग्नातून त्या घरच्या बारशाला जाते, तिथून तिसऱ्यांच्या घरभरणीला, आणि घडी कोणी मोडत नाही. थोरल्या नणंदेला मात्र नेसायचीच द्यावी लागते, नवी आणि चांगली. कलाबाईनं ती मेहकरहून आणूनही ठेवली होती. पण लग्नघराच्या गडबडीत दोन्ही ढीग एक झाले आणि भर मांडवात धम्मशीलाबाईंच्या हातात पडली ती देण्याघेण्याची, मोरपंखी रंगाची, पिवळ्या काठाची. त्यातही वाईट हे, की तीच साडी कधीकाळी बाईंनीच कोणाला तरी आहेर केली होती. बाईंनी ती काठावरूनच ओळखली. भरल्या ताटावरून उठल्या, ती साडी काखेत मारली आणि जीपमध्ये बसून डोणगावला निघून गेल्या. चांगली साडी दुसऱ्या दिवशी ढिगात सापडली. ती घेऊन पंजाबराव बहिणीकडे गेले, तर दार उघडलं नाही.

तर अशा नणंदेला घरभरणीचं बोलावणं गेलं होतं. आणि घर तर उभंच नव्हतं.

घरकुल कलाबाईच्या नावावर मंजूर झालं, तेव्हा जुनं मातीचं घर पाडून शेजारी टिनाच्या छपराखाली राहावं लागलं, कारण त्याच जागेवर नवं उभं राहायचं होतं. पहिल्या हप्त्यात पायवा खोदला, जोतं भरलं. इंजिनिअर येऊन जोत्याचा मोबाइलवर फोटो काढून गेला. दुसरा हप्ता मात्र येईना. पैसा वरूनच सुटला नाही, असं कचेरीत सांगत. वर म्हणजे नेमकं कुठं, हे कलाबाईनं ज्याला त्याला विचारून पाहिलं. जो तो छताकडे बोट दाखवी.

इंजिनिअर पोरगा भला होता. त्यानंच वाट सांगितली, की हप्ता येईस्तोवरची मधली सोय तुमची तुम्ही करा, भिंती दारा-खिडक्यांच्या डोक्यापर्यंत न्या, वर सळया घालून लिंटेलची पट्टी टाका. मी फोटो चढवतो, मग अडकलेला आणि पुढचा असे दोन्ही हप्ते संगंच पडतील. पण मार्चअखेरही जोतं असंच दिसलं, तर नाव रद्द होईल आणि पहिला हप्ताही परत मागतील. हे त्यानं जाता जाता, खाली पाहून सांगितलं.

ही मधली सोय करायची कोणाच्या जिवावर? गावातली निम्मी घरकुलं अशीच अर्धवट पडली होती. त्यांना विटा उधार देऊन देऊन भट्टीवाल्या कडूबानं शेवटी हात वर केले होते. मग गेल्या रविवारी त्याच जोत्यावर घरची बैठक बसली. थोरला धम्मरत्न चिखलीच्या एका शाळेत कारकून. त्यानं येताना ठरवूनच आणलं होतं, की आता बस झालं, माय-बानं चिखलीला चलावं, त्याच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत. धाकटा प्रसेनजित सेंट्रिंगच्या कामावर जातो. मजुरी माझी, जोत्यातून उरलेली रेती माझी, पण विटा काय पोटातून काढू, असं म्हणत तोही थोरल्याच्या बाजूनं झुकला. पंजाबरावांनी टोपी गुडघ्यावर ठेवली आणि लांब पाहिलं.

कलाबाईला चिखलीच्या खोल्या ठाऊक होत्या. पोरगा आणि सून जीव लावत, त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण मागं आठ दिवस राहिली, तेव्हा शेजारच्या दारामागं कोण राहतं हेसुद्धा तिला कळलं नव्हतं. दार लावलं की लावलं. कोणाला विचारायचं नाही, कोणी विचारणार नाही. आठव्या दिवशी तिला वाटलं होतं की आपण हळूहळू मुकी होत चाललो आहोत. घरकुल गेलं तर उरलेलं आयुष्य तिथंच, हे तिला लख्ख दिसत होतं.

तेव्हा धाकटी सून पायल बोलली. घर झाल्यावर घरभरणी करणारच ना आपण, पाहुणे येतील, आहेर आणतील. मग त्यांना आत्ताच बोलवा. साड्या-टोप्या नको म्हणून सांगा, त्याऐवजी विटा आणा, सिमेंट आणा.

धम्मरत्नाचा चेहरा उतरला. "हे भीक मांगनं झालं पायल. अन् तेबी जेवन घालून."

खरं तर कलाबाईलाही लाज वाटायला हवी होती. पण तिच्या मनात भलतंच सुरू झालं. सगळा जन्म तिनं लोकांच्या घरी आहेर नेले होते. त्या सगळ्यांना साडीऐवजी वीट आणायला सांगितली, तर कोण काय आणेल? हा सवाल एकदा डोक्यात शिरला तो निघेचना.

"करून पाहू," ती म्हणाली, आणि बैठक संपली.

प्रसेनजितनं सगळ्यांच्या मोबाइलवर निमंत्रण धाडलं. साडी-टोपीचा आहेर आणू नये, विटा-सिमेंट-लोखंडाचा आहेर आनंदानं घेतला जाईल, असं त्यात साफ लिहिलं होतं. डोणगावला मात्र मोबाइलवरचं बोलावणं चालणार नव्हतं, म्हणून पंजाबराव स्वतः गेले आणि दुधाचा चहा पिऊन आले.

घरभरणीच्या दिवशी जोत्याला पंचशीलाचे झेंडे लागले. मधोमध टेबलावर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो ठेवला. भिंती नसल्यामुळे सगळी गल्ली एकाच वेळी घरात बसल्यासारखी दिसत होती. नारायणराव उपासकांनी त्रिसरण-पंचशील सुरू केलं. सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले. कलाबाईनंही मिटले, पण पुरते नाही. पापण्यांच्या फटीतून ती पाहुण्यांच्या पिशव्या न्याहाळत होती. पिशव्या मऊ होत्या. मांडीवर ठेवलेल्या होत्या. सिमेंटचं पोतं मांडीवर घेऊन कोणी बसत नाही, एवढं तिला कळत होतं.

जेवणं उरकली आणि आहेराची वेळ झाली. जानेफळची मावसबहीण पहिली उठली. तिनं पिशवीतून साडी काढली आणि कलाबाईच्या हातात दिली. निमंत्रण वाचलं नाही का, असं पायलनं हळूच विचारलं, तर वाचलं की, म्हणाली. पण घरभरणीला बाईमाणसाच्या हातात साडी न ठेवता कसं यावं? विटा तर सगळेच आणतील. मग दुसरी उठली, तिचंही तेच. तिसरीचंही तेच. प्रत्येकीला वाटलं होतं की विटा दुसरी आणेल, आपण रीत सोडू नये. पाहता पाहता जोत्यावर साड्यांचा ढीग झाला, शेजारी उपरणी-टोप्यांचा. नारायणरावांनी तेवढी सिमेंटची दोन पोती सायकलवर घालून आणली होती. बाकी सगळं मऊच.

कलाबाई हसतमुखानं घेत होती आणि आतून रडकुंडीला आली होती. धम्मरत्न चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो जवळ येऊन अगदी मायेनं म्हणाला, "माय, पुढच्या रविवारी सामानाले गाडी आनतो."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी छोटा हत्ती टेम्पो वळला. गाडी कुलदीप, म्हणजे धम्मशीलाबाईंचा लेक चालवत होता. मागं सळया खडखडत होत्या. पुढं बाई ताठ बसल्या होत्या, पांढऱ्या साडीत. त्या उतरल्या, चपला जोत्याखाली काढल्या, मूर्तीपुढं तीनदा वाकल्या. पंजाबराव उठून उभे राहिले होते, पण पुढं व्हायचं त्यांना सुचेना.

बाईंनी गाडीकडे हात केला. "लोखंड भावाले," त्या म्हणाल्या. मग काखेतली पिशवी कलाबाईपुढं धरली. "अन् हे तुले."

पिशवीत काय आहे ते कलाबाईला बघण्याआधीच कळलं. मोरपंखी रंग, पिवळे काठ. नऊ वर्षांत घडी मोडली नव्हती. जानेफळच्या मावसबहिणीनं तोंडाला पदर लावला. त्या लग्नात जेवलेली निम्मी माणसं इथं बसलेली होती.

कलाबाईच्या तोंडावर रक्त चढलं. सांगण्यासारखं तिच्यापाशी पुष्कळ होतं, की ढीग एक झाले, की चांगली साडी अजून ट्रंकेत आहे. पण नऊ वर्षं जे ऐकलं गेलं नाही ते चार माणसांत ऐकवून काय होणार? तिनं साडी दोन्ही हातांनी घेतली, बाकीच्यांसारखी ढिगावर ठेवली आणि म्हणाली, "जेवून जा बाई."

"पाहू," म्हणून धम्मशीलाबाई जोत्याच्या कडेला बसल्या. ताट मात्र त्यांनी घेतलं नाही.

प्रसेनजितनं सळया उतरवल्या आणि उभा राहून डोकं खाजवलं. लोखंड तर आलं, पण ते ठेवायला खाली भिंत पाहिजे. हे तो मोठ्यानं बोलला नसता तरी चाललं असतं.

आणि इथं कलाबाईच्या चौकस डोळ्यांनी काम केलं. साड्यांच्या ढिगाशी कडूबाची बायको अन्नपूर्णाबाई बसली होती. गप्पा पायलशी चालल्या होत्या, पण बोटं ढिगात होती. एकेक काठ ती अंगठ्यानं चोळून पाही, आणि बरी वाटली ती थोडी पुढं ओढी. हिला इतक्या साड्यांचं काय करायचं? कलाबाईनं क्षणभर विचार केला आणि तिला आठवलं. राखी. कडूबाच्या राखीचं लग्न येत्या वैशाखात. मुलाकडची माणसं ढीगभर, त्यातल्या प्रत्येक बाईला मानाची साडी. अन्नपूर्णाबाई दोनदा चिखलीच्या बाजारात जाऊन भाव ऐकून परत आली होती, हेही कलाबाईला ठाऊक होतं. गावातलं असं काय होतं जे तिला ठाऊक नव्हतं?

ती ढिगापाशी जाऊन बसली. "अन्नपूर्णाबाई, राखीच्या लग्नाच्या साड्या घेतल्या का?"

"कुठं व माय. आता जाऊ म्हनतो."

"मंग कायले जाता? ह्याच घ्या. पैसे नको. विटा द्या."

धम्मरत्न आधी हसला, मग थांबला. कडूबा बायकोकडे पाहू लागला, कारण भट्टी त्याची असली तरी लग्न तिच्या ताब्यात होतं. अन्नपूर्णाबाईनं पदर सावरला आणि एक साडी उचलून, हिच्यामागं इतक्या विटा, असा आकडा टाकला. आकडा फारच लहान होता. कलाबाई तोंड उघडणार, तोच कडेवरून आवाज आला.

"तेवढ्या विटा तं नुसत्या काठाच्या झाल्या," धम्मशीलाबाई म्हणाल्या.

त्या उठून आल्या आणि ढिगाच्या दुसऱ्या बाजूला बसल्या. साड्यांमधलं बाईंना कळतं हे साऱ्या पाहुण्यांना माहीत होतं. त्यांनी साड्यांचे तीन ढीग लावले, बऱ्या, मधल्या आणि साध्या. प्रत्येकाचा भाव वेगळा मागितला. अन्नपूर्णाबाई एक पाऊल मागं सरली की कलाबाई गोड बोलून तिला परत आणी. ती फार पुढं आली की धम्मशीलाबाई नाक मुरडून साडी उचलून घेत. नऊ वर्षं एकमेकींशी न बोललेल्या दोघी शब्द न ठरवता अशा काही घासाघीस करत होत्या, की पंजाबराव टोपी हातात धरून नुसते बघत राहिले. टोप्या-उपरणीही त्यातच गेली. शेवटी कडूबाच म्हणाला की आता पुरे करा, नाहीतर भट्टीच लिहून द्यावी लागेल, आणि भिंतीपुरत्या विटा मंगळवारी टाकतो म्हणून कबूल झाला.

गठ्ठा बांधताना अन्नपूर्णाबाईनं मोरपंखी साडी उचलली, उजेडात धरली आणि परत ठेवली. ही नको म्हणाली. फार जुनी, घडीवर विरली आहे, मुलाकडचे नावं ठेवतील.

कलाबाईनं नणंदेकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमतच झाली नाही. तिनं ती एकटी साडी उचलून उराशी धरली. ढिगातली तेवढीच आता तिची उरली होती.

"पायल," धम्मशीलाबाईंनी हाक मारली. "भूक लागली मले. वाढ."

जेवताना त्या कलाबाईशी एक शब्द बोलल्या नाहीत, पण खीर दोनदा घेतली. जाताना धम्मरत्नानं प्रसेनजितला बाजूला घेऊन आणखी किती सिमेंट लागेल ते विचारलं. आकडा ऐकून तो नुसता हं म्हणाला. बुधवारी चिखलीहून पोती आली. सामानाच्या गाडीचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

भिंती चढल्या. प्रसेनजितनं स्वतः सेंट्रिंग लावलं, पायलनं विटांवर पाणी मारलं, आणि दारावरचं लिंटेल पडलं तेव्हा मार्च संपायला थोडे दिवस बाकी होते. इंजिनिअर आला, खूश झाला. ज्याच्या नावानं घरकुल त्यानं घरासमोर उभं राहायचं, असा नियम. कलाबाई म्हणाली, जरा थांब बाबू, आणि छपरात गेली.

बाहेर आली ती मोरपंखी साडी नेसून. काठ एका जागी विरलेले होते, तो भाग तिनं निऱ्यांत दडवला होता. प्रसेनजितनं बायकोकडे पाहिलं, पायलनं सासऱ्याकडे. पंजाबरावांचे डोळे भरून आले. कलाबाई दाराच्या मोकळ्या चौकोनात, लिंटेलखाली उभी राहिली. देण्याघेण्यात इतकी वर्षं हिंडलेल्या त्या साडीची घडी पहिल्यांदाच मोडली होती.

इंजिनिअरनं आपला फोटो काढला. पायलनंही काढला आणि लगेच डोणगावला कुलदीपच्या मोबाइलवर पाठवला. आता दोन्ही हप्ते पडतील ना, असं पंजाबरावांनी विचारलं. पडतील, पोरगा म्हणाला. कधी, ते मात्र त्याला सांगता येईना. वरून सुटले की पडतील.

तो गाडीला किक मारत होता, तेव्हाच पायलचा मोबाइल वाजला. पलीकडून धम्मशीलाबाई. पायलनं आवाज मोठा करून मोबाइल सासूपुढं धरला.

"पदर सरळ घ्यायचा होता," आवाज आला. "स्लॅब कधी हाय?"

"हप्ता आल्यावर बाई."

"स्लॅबच्या दिवशी मी येतो. रात्री राह्यतो." मग जरा हळू, "अन् ह्या वक्ती मले चांगली साडी पाह्यजे, कलाबाई. नेसाची."

कलाबाईनं मान हलवली, मोबाइलवर ते दिसत नाही हेही तिच्या ध्यानात आलं नाही. पलीकडून फोन ठेवला गेला. ती तशीच दारात उभी राहिली आणि मोरपंखी पदरानं डोळे पुसले.

ट्रंकेतल्या साडीचं पायलला माहीत होतं. तीच द्यायची का, असं तिनं विचारलं. कलाबाईनं नाही म्हटलं. ती नऊ वर्षांपूर्वीची होती, आणि शिळी साडी एकदा देऊन झाली होती.

"मंग हप्ता आला का घेऊ, आई."

"हप्ता येईन तवा येईन," कलाबाई म्हणाली. "मेहकरची पहिली एसटी किती वाजता हाय, ते पाह्य."